नवतीचा भाव, पिलबागेचा भाव आणि बेसर

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. ७ तारीख सरून ८ लागली होती. रात्रीचा दीड वाजत आला होता आणि मी स्वयंपाकघरात दिवाही न लावता फोनवर ओरडत होते, "विका म्हणावं रे त्याला, विकून मोकळे व्हा!" आवाजाने सासूबाई उठून आल्या. "काय विकून राहिली वं एवढ्या रातची?" मी फोनवरून नजर न काढता म्हटलं, "बेसर." त्यांचा हात आधी नाकाकडे गेला, मग कमरेच्या किल्ल्यांकडे.

तर हा बेसर म्हणजे नाकातला दागिना नव्हे. ब्रॉक बेसर, व्हँकुव्हर कनक्सचा उजव्या बाजूचा फॉरवर्ड, जर्सी नंबर ६, मूळचा मिनेसोटाचा. नावाचं स्पेलिंग बघितलं तर कुणीही बोएसर वाचेल, पण म्हणतात बेसर. खेळ बर्फावरच्या हॉकीचा, त्यात चेंडूऐवजी पक नावाची रबरी चकती असते. आमचा धाकटा व्हँकुव्हरजवळ नोकरीला आहे. त्याच्याकडे संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा थंडीत आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. त्याने व्हिडिओ कॉल लावून टीव्हीसमोर ठेवायचा आणि मी इकडे पोळ्या लाटत बघायचं, असं सुरू झालं. आधी पोराचं तोंड दिसावं म्हणून बघायचे. मग कधी पोराला म्हणायला लागले, "बाजूला हो, पक दिसत नाही," ते मलाही कळलं नाही.

खेळातलं मला आजही सगळं कळत नाही. ऑफसाइडच्या वेळी मी गप्प बसते. पण किंमत लावणं मला कळतं. रावेरात एका केळी ग्रुपच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं हिशेब लिहिते. बागेत उभ्या मालाचा भाव कसा ठरतो, ठरलेला कसा मोडतो, गाडी भरताना व्यापारी काय कुरकुरतो, हे रोज कानावर पडतं. त्यामुळे पोराने पहिल्यांदा ट्रेड, डेडलाइन आणि फ्री एजंट हे प्रकरण समजावलं तेव्हा मला ते गोलांपेक्षा लवकर समजलं.

प्रकरण असं. तिथल्या लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, खेळाडू २७ वर्षांचा झाला किंवा सात हंगाम खेळला की करार संपल्यावर तो मोकळा. १ जुलैला त्याने वाटेल त्या संघाबरोबर सही करावी, जुन्या संघाला एक छदामही मिळत नाही. आणि मार्चमध्ये एक दिवस असतो, त्यानंतर त्या हंगामापुरती खेळाडूंची महत्त्वाची देवाणघेवाण बंद. म्हणजे करार जूनअखेर संपणार असेल तर मार्चच्या त्या दुपारी संघाला ठरवावं लागतं: आज विकून काहीतरी पदरात पाडायचं, की ठेवायचा आणि जुलैत सही करील अशी आशा धरायची. बेसरचा तीन वर्षांचा करार वर्षाला ६६.५ लाख डॉलरचा होता आणि तो ३० जूनला संपत होता. त्यांच्या पूर्वेकडच्या घड्याळात दुपारचे तीन वाजले की दार बंद. तीन म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. म्हणून तो आरडाओरडा.

दार बंद झालं. बेसर विकला गेला नाही. नंतर त्यांचे जनरल मॅनेजर पॅट्रिक आल्विन पत्रकारांसमोर आले आणि बोलले त्याचा मतलब असा, की आलेल्या ऑफर सांगितल्या तर तुमचा विश्वास बसणार नाही. पोरगा भडकला होता: एवढे गोल करणाऱ्या माणसाला कुणी भाव देत नाही म्हणजे काय! मी म्हटलं, "अरे, तू नवतीचा भाव मागतोयस. त्यांना दोन महिन्यांचाच माल मिळतोय."

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. केळीच्या पहिल्या लावणीचं पीक ती नवती. ती कापली की बुडाशी राखलेल्या पिलावर जे पुढचं पीक येतं ती पिलबाग. पिलबागेला खर्च कमी, पण घड बहुधा हलका, आणि भावही नवतीच्या मागे. आणि ज्याला कुणी हात लावत नाही तो माल वापसी. पेपरातही भाव असेच छापून येतात, नवती इतके, पिलबाग इतके, वापसी इतके. व्यापारी बागेत आला की गेल्या वर्षी तुमचा घड किती किलोचा पडला होता हे ऐकून घेतो, मान हलवतो आणि आज झाडावर लटकतंय तेवढंच बघतो. निर्यातीचा माल घेणारा तर बोलतही नाही, खिशातून कॅलिपर काढून मधल्या फणीच्या केळाला लावतो. जाडी भरली तर भरली.

हॉकीवाले नेमके इथेच घसरतात. ते गेल्या वर्षीच्या घडाचे पैसे पुढच्या सात वर्षांसाठी देतात.

मी वहीत बेसरचं पान काढलं होतं. आमच्या ऑफिसची जुनी वही आहे, लाल पुठ्ठ्याची, उरलेली पानं माझी. मध्ये रेघ मारून डावीकडे लिहिलं 'विकला तर', उजवीकडे 'ठेवला तर'. ही रेघ महत्त्वाची. पोराच्या आणि त्याच्या मित्रांच्या वादात मी बघते, ते एकच आकडा शोधत असतात, बेसरची किंमत किती. एक किंमत नसतेच. विकण्याची वेगळी, ठेवण्याची वेगळी, आणि दोन्हींचा एकमेकींशी फार थोडा संबंध.

हे मला पटलं ते जेक गेंट्झलच्या हिशेबावरून. २०२४ च्या मार्चमध्ये पिट्सबर्गने त्याला कॅरोलिनाला दिलं. बदल्यात मायकेल बंटिंग नावाचा तयार खेळाडू, तीन होतकरू पोरं आणि वर अटी घातलेले ड्राफ्टचे हक्क, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत आपला नंबर, मिळाले. गेंट्झलने तिकडे उरलेल्या १७ सामन्यांत २५ गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला दिलेला हातभार मिळून) मिळवले, म्हणजे माल अव्वल निघाला. पण तो कॅरोलिनाशी पुढची सही करीना. ३० जूनला, बाजार उघडायच्या आदल्या दिवशी, कॅरोलिनाने त्याच्याशी बोलणी करण्याचा हक्क टँपा बेला देऊन टाकला. बदल्यात काय, तिसऱ्या फेरीचा एक हक्क. तिसऱ्या फेरीतली बरीचशी पोरं मोठ्या लीगमध्ये टिकतसुद्धा नाहीत. आणि त्याच टँपाने त्याच गेंट्झलला सात वर्षांचे ६ कोटी ३० लाख डॉलर दिले.

माणूस तोच, चार महिन्यांत म्हातारा झाला नाही, उलट जास्त चांगला खेळला. विकण्याची किंमत जमिनीवर आली आणि कराराची आभाळाला गेली, तीही एकाच आठवड्यात. मार्चमध्ये त्याच्यात एक प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, शिल्लक होती, जूनअखेर एक दिवस. विकणाऱ्याला दिवसांचे पैसे मिळतात. गोलांचे पैसे खेळाडू घेऊन जातो.

दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, तसं कॅरोलिनाने पुढच्याच वर्षी केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी कोलोरॅडोकडून मिको रांतानेनला आणलं. त्या सौद्यात शिकागोही मधे होती. तिने रांतानेनचा अर्धा पगार स्वतःच्या डोक्यावर घेतला, त्याला तिकडे रिटेन करणं म्हणतात. जास्तीत जास्त निम्मा पगार असा मागे ठेवता येतो. पुढे काय झालं? तेरा सामने, दोन गोल, आणि सहीचं नाव नाही. कॅरोलिनाने जूनची वाट न बघता त्याच ७ मार्चला त्याला डॅलसला दिलं आणि लोगन स्टँकोव्हेन, पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचे दोन हक्क घेतले. तेरा सामन्यांत दोन गोल करणाऱ्याचे इतके? हो, कारण डॅलसला त्याची सही सोबत मिळाली, आठ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख. गेंट्झलचा हक्क विकला तेव्हा सही हातात नव्हती, रांतानेनची होती. सगळा फरक तिथला. मे महिन्यात त्याच रांतानेनने कोलोरॅडोविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात शेवटच्या वीस मिनिटांत तीन गोल ठोकले आणि जुन्या मालकालाच घरी पाठवलं. त्या दिवशी माझी भाजी करपली.

आता विका-विका करणाऱ्या माझ्या घशामागचं कारण सांगते, कारण ते हॉकीचं नाही.

सहा वर्षं झाली. आमची साडेतीन हजार खोडं कापणीला आली होती. मे संपत होता, ऊन पंचेचाळीसच्या वर. व्यापारी बागेत येऊन गेला, भाव सांगितला. आमच्या ह्यांना तो शंभराने कमी वाटला. बोर्डाचा भाव रोज थोडा चढत होता, तेव्हा आठ दिवस थांबू असं ठरलं. मीच म्हटलं होतं थांबू, हे इथे लिहून ठेवते, घरात मी ते कबूल करत नाही. सहाव्या दिवशी दुपारी चारला उत्तरेकडे, सातपुड्याच्या अंगाला आभाळ पिवळट झालं. पाचला वारा आला आणि वीस मिनिटांत गेला. आम्ही टॉर्च घेऊन गेलो तर झाडं कमरेतून मोडलेली, घड मातीत तोंड खुपसून पडलेले, आणि सगळ्या बागेत केळीच्या चिकाचा वास. तोच व्यापारी दोन दिवसांनी आला. त्याने घड पायाने उलटवला आणि म्हणाला, "वहिनी, आता वापसीत घेतो." त्याची काही चूक नव्हती. तलाठी आले, पंचनामा झाला, फोटो काढले. मोडलेली खोडं बाहेर काढायला जी मजुरी लागली तिचा आकडा मला अजून पाठ आहे.

तेव्हापासून तयार माल थांबवून ठेवलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. न्यूयॉर्क आयलंडर्सने २०१८ मध्ये हेच केलं होतं. जॉन टवारेस त्यांचा कर्णधार. मार्चच्या आधी विकला नाही, प्लेऑफही गाठता आली नाही, आणि १ जुलैला तो सात वर्षांच्या ७ कोटी ७० लाखांवर टोरोंटोला निघून गेला. आयलंडर्सच्या हातात काय, पंचनामा.

पण पोरगा म्हणाला ते खोटं नव्हतं. "आई, व्हँकुव्हर अजून प्लेऑफच्या शर्यतीत आहे. जे. टी. मिलरला जानेवारीतच न्यूयॉर्कला दिलंय. आता बेसरलाही दिलं तर गोल कोण करणार?" आणि समोरून मिळत होतं ते किरकोळ. मग वापसीच्या भावात विकण्यापेक्षा झाडावर राहू द्यावं, हा विचारही हिशेबाला धरून होता. मी मात्र त्या रात्री 'विकला तर'च्या रकान्यात दुसऱ्या फेरीचा एक हक्क आणि एक बरं पोरगं एवढं लिहिलं होतं आणि तेवढ्याला दिला असता.

उजव्या रकान्यावर जास्त वेळ गेला. आधी गोल. २०२१-२२ पासूनच्या चार हंगामांत बेसरने २३, १८, ४० आणि २५ गोल केले. बाहेरच्याला त्यात फक्त ४० दिसतो. पण त्या ४० च्या वर्षी जवळपास दर पाच फटक्यांमागे एक आत गेला होता, आणि लीगची सरासरी दहांमागे एकच्या आसपास असते. बेसरचा फटका चांगलाच आहे, तो सरासरीपेक्षा वर राहणारच, पण पाचामागे एक रोज होत नाही. ते असं वर्ष होतं, जसं एखाद्या वर्षी आमच्याकडे थंडीत चरका बसत नाही, पावसाळ्यात करपा येत नाही, वादळ बाजूच्या तालुक्यातून जातं, आणि शेतकरी म्हणतो माझ्या हाताला यश आहे. चार वर्षांची सरासरी काढली, साडेसव्वीस. मी सव्वीस गोलांचा माणूस म्हणून भाव लावला.

मग वय. फेब्रुवारीत २८ पूर्ण झाली. सात वर्षांचा करार म्हणजे पस्तिशीपर्यंत. फॉरवर्डची नवती साधारण चोवीस ते अठ्ठावीस. म्हणजे सहीच्या दिवशीच नवती कापून झालेली, पुढे पहिली पिलबाग, दुसरी पिलबाग, आणि शेवटची दोन वर्षं कदाचित वापसी. बेसर पायाने फार वेगवान कधीच नव्हता, त्यामुळे वेग गेल्याने त्याचं फार जाणार नाही असं पोराचं म्हणणं. मला ते अर्धंच पटलं. वेग आधीच कमी असला तर आणखी कमी झालेला परवडतो कुठे! प्रकृतीचाही एक शेरा मी मारला होता. २०२४ च्या प्लेऑफमध्ये सात गोल करून, एडमंटनविरुद्धच्या सातव्या सामन्याला रक्तात गुठळी निघाल्यामुळे तो बसला होता. त्यातून बरा होऊन परत खेळला, तरी हिशेब लिहिणारीने शेरा मारायचा असतो.

आणि मग मला सगळ्यात आवडणारा भाग, टक्का. तिथे प्रत्येक संघाला पगारावर एकच मर्यादा, तिला कॅप म्हणतात. २००४-०५ चा अख्खा हंगाम भांडणात बुडाला, त्यानंतर ती आली. श्रीमंत संघ असो की गरीब, तेवढ्यातच भागवायचं. करोनामुळे ती ८ कोटी १५ लाखांवर तीन हंगाम अडकून होती, मग हळूहळू सरकली, आणि २०२५-२६ साठी एकदम ८ कोटी ८० वरून ९ कोटी ५५ लाखांवर गेली. पुढच्या वर्षी १० कोटी ४० लाख, त्याच्या पुढे ११ कोटी ३५ लाख, असं आधीच जाहीर झालंय. त्यामुळे डॉलरचा आकडा बघून कुणी महाग की स्वस्त म्हणणं म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या क्विंटलच्या भावाशी आजचा भाव लावण्यासारखं. वाटा बघायचा, अख्ख्या पंगतीतल्या किती वाट्या एका पानात गेल्या तो.

बेसरला २०२२ मध्ये ६६.५ लाख मिळाले तेव्हा कॅप ८ कोटी २५ लाख होती. वाटा ८.०६ टक्के. मी त्याला यंदा ७० लाख लिहिले, ७.३ टक्के. पोरगा म्हणाला, "आई, एवढे कमी तो घेणार नाही." मलाही माहीत होतं, म्हणून खाली पेन्सिलने लिहिलं, 'कुणीतरी ८५ देईल.' ज्याला गरज आहे तो शेजारच्या बागेत शंभर जास्त देतोच. सगळ्यांच्या खिशात नवी कॅप आणि बाजारात माल थोडा. फ्लोरिडाने तर सॅम बेनेट, आरोन एकब्लॅड आणि ब्रॅड मार्शंड तिघांनाही बाजारात जाऊच दिलं नाही. करांचंही आहेच. फ्लोरिडा, टेक्सस, नेवाडात राज्याचा आयकर नाही आणि व्हँकुव्हरच्या प्रांतात वरच्या उत्पन्नावर सगळे मिळून साडेत्रेपन्न टक्के. सामने जिथे होतात तिथलाही कर लागतो, म्हणून तो हिशेब कुणाला सरळ जमत नाही, मी सोडून दिला.

मार्शंडबद्दल दोन ओळी, कारण तो माझा लाडका झालाय. बॉस्टनचा कर्णधार, छत्तीस वर्षांचा, दुखापतीने बसलेला. मार्चच्या त्याच रात्री फ्लोरिडाने त्याला दुसऱ्या फेरीच्या एका हक्कावर उचलला. अट अशी, की संघ पुढे गेला आणि तो खेळला तर तो हक्क पहिल्या फेरीचा होईल. याला म्हणतात सौदा: माल निघाला तर जास्त घे, नाही निघाला तर कमी. प्लेऑफच्या २३ सामन्यांत त्याने १० गोल केले आणि फ्लोरिडाने कप नेला. मग सदतिसाव्या वर्षी सहा वर्षांचा करार! वर्षाला ५२.५ लाख. लोक हसले. मी नाही हसले. पैसे तेवढेच, मुदत लांबवली की हप्ता कमी बसतो आणि आज कॅपमध्ये जागा मोकळी होते. पतपेढीत बसलेल्या कुणालाही विचारा. त्रेचाळिसाव्या वर्षी तो काय खेळेल हा प्रश्न त्या वेळच्या मॅनेजरचा.

१ जुलैला बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. सासूबाई मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरीच्या वाटेवर होत्या, म्हणून या खेपेला ओरडायला मोकळीक होती. त्या आधीच टोरोंटोच्या मिच मार्नरचं झालं होतं. त्याच्या करारात नो-मूव्ह, म्हणजे त्याच्या मर्जीशिवाय हलवता येणार नाही. मार्चमध्ये टोरोंटोने रांतानेनसाठी त्याला विचारलं आणि तो नाही म्हणाला, अशा बातम्या होत्या. अशा खेळाडूची विकण्याची किंमत संघाच्या हातात नसतेच. शेवटी तो वेगसला गेला, आठ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख. आठवं वर्ष फक्त जुना संघच देऊ शकत होता, म्हणून सही टोरोंटोने करून घेतली आणि मग त्याला पाठवलं, आणि त्या एका वर्षाच्या बदल्यात निकोला रुआ मिळवला. वर्ष विकून खेळाडू! हे वाचल्यावर मी ह्यांना झोपेतून उठवलं होतं. आणि टक्का बघा, २०१९ मध्ये ८ कोटी १५ लाखांतले १ कोटी ९ लाख म्हणजे १३.४ टक्के, आता १२.६. आकडा वाढला, वाटा कमी झाला. २०२६ च्या सप्टेंबरपासून नवा नियम येतोय, जुन्या संघाला सात आणि बाहेरच्याला सहाच वर्षं, म्हणजे ही आठव्या वर्षाची विक्री आता सातव्याची होणार.

बेसर जाणार असंच सगळे धरून चालले होते. व्हँकुव्हरला प्लेऑफ मिळाली नव्हती, प्रशिक्षकही सोडून गेला होता. मी पेन्सिलचा आकडा शाईने गिरवायला बसले होते. तेवढ्यात पोराचा मेसेज आला, नुसती एक किंकाळी. बेसरने व्हँकुव्हरशीच सही केली. सात वर्षं, वर्षाला ७२.५ लाख.

म्हणजे ठेवण्याच्या रकान्यात मी अडीच लाखांनी चुकले, आणि बाहेर जाईल हा अंदाज पुरता चुकला. टक्का ७.६. तीन वर्षांपूर्वीपेक्षा कमी. कॅप ११ कोटी ३५ लाखांवर गेली की तेच ७२.५ लाख ६.४ टक्के होतात, म्हणजे पिलबाग हलकी होत जाईल तसा भावही आपोआप उतरतो. बाजारात निकोलाय एलर्सला कॅरोलिनाने सहा वर्षांसाठी ८५ लाख दिले, माझा पेन्सिलचा आकडा तिथे जाऊन बसला. बेसरनेच कमी घेतले. का घेतले ते त्याच्या एजंटला ठाऊक. राहायची इच्छा हा माल माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

पोरगा तेव्हापासून मला चिडवतो, आणि आमचे हेही. "वादळ आलंच नाही ना तुझ्या बेसरला!" मी म्हणते, नाही आलं, पण आठ दिवस थांबायचा निर्णय त्यामुळे शहाणपणाचा ठरत नाही. त्या मार्चमध्ये व्हँकुव्हरच्या हातात सही नव्हती. नशिबाने मिळाली, आणि नशिबाने मिळालेलं मी जमेच्या बाजूला लिहीत नाही, वेगळ्या पानावर लिहिते. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

आज डिसेंबरातला रविवार. बामणोदची वांगी भाजून ठेवलीत, भरीत व्हायचंय, कळण्याच्या भाकरीचं पीठ मळलंय. टेकून ठेवलेल्या फोनवर पहिला पीरियड चालू आहे, काचेवर पिठाची बोटं उठलीत. वहीत पुढच्या उन्हाळ्यासाठी नवं पान काढलंय. पहिलं नाव किरिल काप्रिझोव्हचं लिहिलं होतं, पण ते सप्टेंबरातच खोडलं. मिनेसोटाने त्याला आठ वर्षांचे १३ कोटी ६० लाख देऊन टाकले, वर्षाला १ कोटी ७० लाख, लीगच्या इतिहासात तोवर एवढे कुणाला मिळाले नव्हते. पुढच्या वर्षीच्या कॅपचे १६.३ टक्के. वीसच्या वर नियमानेच देता येत नाहीत. एका पानात पंगतीचा सहावा हिस्सा! पण त्यांनी जुलैपर्यंत रडत बसायचं टाळलं, त्याचे मी गुण दिले.

दाराशी मोटारसायकल वाजली. कांदेबाग, म्हणजे थंडीच्या तोंडावर लावलेली केळी, बघायला व्यापारी आलाय. त्याने कॅलिपर लावला, भाव सांगितला, वाईट नाही. हे ओसरीवरून आत डोकावून माझ्याकडे बघतायत. थंडी वाढतेय, चरका बसला तर सालीवरचा रंगच जाईल. पण भाव चढतोय हेही रोज बोर्डावर मीच लिहिते.

"काय करायचं? तुझ्या त्या भाषेत सांग."

मी हात धुतले, बाहेर आले आणि म्हटलं, "विहिरीकडची आज कापा. रस्त्याकडची पन्नास टक्के रिटेन."

व्यापारी ह्यांच्याकडे बघायला लागला.